पहिल्या खेपेचं रक्त

"याआधी तुला दिवस गेले होते की नाही, तेवढं सांग." सासूबाईंनी पलंगाचा कठडा धरून तिसऱ्यांदा विचारलं.

सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. "नाही म्हटलं ना, आई. किती वेळा विचाराल?"

काचेपलीकडे त्यांचा एक दिवसाचा नातू निळ्या दिव्याखाली उघडाच ठेवला होता. हळदीसारखा पिवळा पडलेला. सकाळपासून त्याच्या अंगातलं रक्त थोडंथोडं काढून दुसरं भरणं चाललं होतं. तो वाचेल, असं छातीठोकपणे कुणीच सांगत नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं फोड करून सांगितलं होतं. आईचा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह. आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी बाळाचं रक्त फोडत होत्या. "इतक्या अँटीबॉडी आपोआप होत नाहीत. पूर्वी कधीतरी पॉझिटिव्ह रक्त हिच्या अंगात गेलंय. एखादं गरोदरपण, नाहीतर चुकीची बाटली. गरोदरपणातच तपासायला हवं होतं हे."

ती तपासणी सासूबाईंनीच होऊ दिली नव्हती. एकतीस वर्षं रक्तपेढीच्या खिडकीत बसलेली बाई. घरात रक्ताविषयी दुसऱ्या कुणी तोंड उघडायची सोय नव्हती. "पहिल्या खेपेला काही होत नसतं. सुया टोचून घ्यायची एवढी कसली हौस?" असं म्हणून त्यांनी तपासणीची चिठ्ठी सरळ केराच्या डब्यात टाकली होती.

आता त्यांना ते आठवत होतं आणि आठवायला नको होतं. पहिली खेप असती तर काही झालंच नसतं, हे त्या स्वतःलाच पुन्हा पुन्हा बजावत होत्या.

चुकीच्या बाटलीचं नाव काढताच त्या डॉक्टरांच्या अंगावर धावून गेल्या होत्या. "रक्तपेढीत माणसं झोपा काढत नाहीत. दोनदा ताडून पाहतात." शिवाय सुनेला रक्त चढवल्याचं आठवत नव्हतं. मग उरलं काय? जे उरलं, ते त्यांनी मुलाच्या कानावर घातलं. दुपारपासून त्याने बायकोकडे पाहिलं नव्हतं. सासूबाई मधूनमधून काचेपाशी जाऊन नातवाला बघून येत होत्या. पण रडण्यापेक्षा रागावणं त्यांना नेहमीच सोपं जायचं.

चारच्या सुमारास विहीणबाई पोचल्या. घाबरट, हळू बोलणारी बाई. सासूबाईंनी त्यांना धड बसूही दिलं नाही. मुलाला आत बोलावलं आणि दार लोटलं.

"आता ह्याच्यासमोर सांगा. तुमच्या मुलीला लग्नाआधी दिवस गेले होते ना?"

"अहो, काय बोलताय हे!"

"मी नाही, तिचं रक्त बोलतंय. डॉक्टर म्हणतात, एकतर दिवस गेले असतील, नाहीतर रक्त चढवलं असेल. तिसरं काही नाही."

"रक्त चढवलं होतं की," विहीणबाई चटकन म्हणाल्या. "चार वर्षांची होती. गाडीखाली आली होती. तिला कुठलं आठवणार!"

सुनेने मान वळवली. मुलाने दुपारपासून पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं, आणि त्याची नजर खाली गेली.

 सासूबाई पुन्हा उसळल्या. "म्हणजे कुणीतरी बाटली चुकवली! कोण होता तो मेला? सांगा, मी त्याला कोर्टात खेचते. माझ्या नातवाचा जीव टांगणीला लावलाय त्याने."

विहीणबाई गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"असं काय करता? तुम्हीच नव्हता का खिडकीत? निगेटिव्ह संपलंय म्हणून सगळ्यांनी हात वर केले होते, मी ओक्साबोक्शी रडत होते. तुम्ही आतून बाटली आणलीत, वरची चिठ्ठी बदललीत आणि म्हणालात, कुठे बोलू नका, पोर वाचेल तुमची. म्हणून तर तुमच्या घरचं स्थळ आलं, तेव्हा मी कसलीही चौकशी न करता हो म्हटलं."