ठेव

"अजिबात द्यायची नाही," प्रकाश म्हणाला आणि त्याने भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला. "इतके सोपे प्रश्न विचारतात तुमच्या युनिव्हर्सिटीत?"

इरा हसली. निबंधाचा विषय होता, प्राचीन ग्रीकांच्या मते न्याय म्हणजे काय. त्यातला पहिलाच पेच असा: मित्राने आपल्याकडे तलवार ठेवायला दिली. पुढे त्याला वेड लागलं आणि तो ती परत मागायला आला. ज्याचं त्याला देणं म्हणजे न्याय, मग द्यायची की नाही?

"म्हणजे तलवार त्याची ठेव," तिची आजी, वसुंधराबाई म्हणाल्या.

"ठेव म्हणजे 'कीप' ना, आजी?"

"तुझ्या बाबालाही तसंच वाटतं. ठेव म्हणजे परत द्यायची वस्तू."

प्रकाश खाली बघून भाकरी मोडत राहिला.

ऑकलंडला उतरल्यावर वसुंधराबाईंनीच आपला पासपोर्ट लेकाच्या, प्रकाशच्या हातात दिला होता. "माझ्याकडून हरवेल बाबा, तुझ्याकडे ठेव." आल्या होत्या उन्हाळ्यापुरत्या. मग एकदा फोडणी करपली, छतावरचा अलार्म किंचाळला, शेजारची गोरी बाई धावत आली. पुण्यात त्या आता एकट्या राहू शकणार नाहीत, असं त्या दिवशी घरात ठरलं. तोंडाने मात्र कोणी बोललं नाही. पासपोर्ट मागितला की प्रकाश म्हणे, "बघू गं, थंडी सरू दे." ऑकलंडच्या हिल्सबरो उपनगरातली ही त्यांची दुसरी थंडी होती. रविवारी घरचे त्यांना अवोन्डेलच्या बाजारात नेत, कोथिंबीर निवडू देत आणि परत आणत. पुण्याची शेजारीण सुचित्रा फोनवर सांगे, तुझ्या गॅलरीतल्या जाईला कळ्या आल्यात गं. तेवढ्यात फोनकार्ड संपे. बाकी दिवसभर खिडकीची काच, आणि कुंपणापलीकडे दुसऱ्या घराची काच.

"आणि वेड लागलं नसेल तर रे, प्रकाश?"

"तर द्यायचीच. वस्तू त्याची आहे."

"थंडी सरेपर्यंत थांबायचं नाही?"

"थंडीचा काय संबंध? मागेल तेव्हा द्यायची." तो मोठ्याने हसला. "इरा, लिहून घे. आजी तुला 'ए' मिळवून देणार!"

"स्वीट ॲज!" इरा खूश होऊन इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

वसुंधराबाई हसल्या नाहीत.

"मला वेड लागलंय का रे?"

"काहीतरीच काय, आई! असं कोण म्हणतं?"

इराचा चमचा ताटावरच थांबला. वसुंधराबाई उठल्या. सिंकपाशी जाऊन त्यांनी खरकटा हात धुतला, पदराला पुसून कोरडा केला. मग परत येऊन तो प्रकाशच्या ताटासमोर पसरला.

"मग माझी ठेव दे."