सातवीच्या निरोपाचं पत्रक

पोस्टमननं पाकीट टाकलं तेव्हा सुदर्शन एका शर्टाची काजं करत होता. त्यानं सुई तशीच कापडात खोचली, हात पुसले आणि कात्रीनं पाकिटाची कड अगदी बारीक कापली.

आत अवसरीच्या शाळेचं पत्रक होतं. सायक्लोस्टाईल केलेलं, शाई जरा फुटलेली. सर्व पालकांना कळवण्यात येते की, शनिवार, बावीस मार्च रोजी सकाळी दहा वाजता सातवीच्या मुलांचा निरोप समारंभ. पाडव्याला सुट्टी. एप्रिलच्या सात तारखेपासून परीक्षा. दाखले मे महिन्यात मिळतील. आणि तळाशी पेनानं, मोठ्या तिरक्या अक्षरात एक ओळ: 'प्रतिभा नाचात आहे. या.'

तो 'या' त्यानं पुन्हा वाचला.

"कुणाचं रं?" दुकानाचे मालक सावळेरामभाऊ मशीन थांबवून म्हणाले.

"पोरीच्या शाळंचं."

प्रतिभा पाचवीत गेली तेव्हापासून दर फाल्गुनात जुन्नरच्या या दुकानावर शाळेचं पत्रक येत होतं. शाळेच्या रजिस्टरात बापाचं नाव-पत्ता असतोच, म्हणून पाठवत असतील, असं त्यानं धरलं होतं. तळाची ओळ एखादा भला शिपाई लिहीत असावा. अक्षर मास्तरांचं वाटत नव्हतं. पहिल्या वर्षी होतं, 'पळण्यात दुसरी आली.' दुसऱ्या वर्षी, 'गोवर येऊन गेला, आता बरी आहे. चष्मा लागला.'

त्या वर्षी पत्रकात लेण्याद्रीच्या सहलीची तारीख होती. लेण्याद्री म्हणजे जुन्नरहून हाकेच्या अंतरावर. सुदर्शन सकाळपासून पायथ्याच्या चहाच्या टपरीवर बसून राहिला. पोरींची रांग आली. चष्मेवाल्या तिघी होत्या. त्यातली आपली कोणती, ते त्याला ठरवता येईना. मग त्यानं तिघींनाही शेवटच्या पायरीपर्यंत डोळ्यांनी पोचवलं.

पुढं होऊन नाव विचारायला त्याला तोंड नव्हतं. सात वर्षांपूर्वी तो पाच वर्षांच्या प्रतिभाला मंचरच्या बाजाराला घेऊन गेला होता आणि दारूच्या गुंगीत एकटाच घरी परतला होता. "पोर कुठंय?" असं बायकोनं, लंकानं विचारलं तेव्हा त्याला पोर सोबत होती हेही आठवेना. पोरगी सापडली एका भाजीवालीपाशी, रडून रडून झोपलेली. लंका तिला घेऊन अवसरीला माहेरी गेली ती गेलीच. पंचांनी कागद केला, त्यात त्याचा पत्ता म्हणून जुन्नरचं हे दुकान घातलं. शाळेची पायरी न चढलेल्या लंकानं त्यावर अंगठा उठवला आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पोरीच्या नजरंला पडू नका. आमाला तुमी मेलात."

दारू त्याच महिन्यात सुटली. पण ते सांगायचं कुणाला?

सावळेरामभाऊंनी पत्रक उलटसुलट करून बघितलं. "जा की," ते म्हणाले. "शाळंनं बोलावलंय, बायकूनं न्हाई. शाळंत जायला कोन आडवं येतंय?"

शनिवारी पहाटेच्या एसटीनं तो निघाला. स्वतःच शिवलेला पांढरा शर्ट घातला होता. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. तो अगदी मागं, खांबाच्या आड सतरंजीवर बसला. पुढं बायकांत लंका दिसली. केस कानापाशी पिकले होते. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही, आणि बरं झालं, असं त्याला वाटलं.

नाचात आठ पोरी होत्या. प्रतिभा डावीकडून दुसरी. नाव पुकारलं म्हणून कळलं. लंकासारखी उंच, पण हात फिरवताना खांदा किंचित उचलायची ढब त्याच्या आईची. नाचासाठी तिनं चष्मा काढून ठेवला होता. म्हणजे मांडवातली तोंडं तिला नीट दिसत नसणार. त्या आधारानं त्यानं मान वर केली आणि पोटभर बघून घेतलं.

नाच संपला तेव्हा त्याला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

मुलं खाऊच्या रांगेत गेली. तो मागच्या मागं निघालाच होता, पण न सांगता जाणं बरं दिसेना. वर्गशिक्षिका इंद्रायणीबाई दारापाशी उभ्या होत्या.

"मी प्रतिभाचा बाप," तो हळू म्हणाला. "तुमचे लई उपकार झाले, बाई. दरसाली पत्रक धाडता, पोरीची खुशाली लिवता. तेवढ्यावर माजं वरीस निघतं."

"कुठं धाडतो आम्ही?"

"जुन्नरला. पोस्टानं."

"पोस्टानं नाही हो पाठवत. मुलांच्याच हाती एकेक देतो."

सुदर्शन खाऊच्या रांगेकडं बघत राहिला. प्रतिभा नाचाच्या साडीच्या पदरानं चष्मा पुसत होती. "मंग पोरीनंच धाडलं म्हनायचं. तिला बाप ठावा हाय."

"तिला यातलं काही माहीत नसेल." बाई म्हणाल्या. "दरवर्षी आणखी एक पत्रक तिची आई येऊन मागून नेते. चार वर्षांपूर्वी माझ्या साक्षरता वर्गात त्यांनी नाव घातलं. मी विचारलं, आता कशाला शिकताय? तर म्हणाल्या, 'एका मानसाला बोलवायचंय, बाई. तोंडानं न्हाई जमत.'"