बारा डबे

शनिवारी सकाळी साडेसातला मृण्मयीने स्वयंपाकघरातल्या बारा डब्यांवर चिकटवलेली जपानी चित्राक्षरं, म्हणजे कांजी, न अडखळता वाचून दाखवली. मीठ, साखर, तांदूळ. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. पास झाली तरच नागोयातली नर्सची नोकरी पक्की होती.

“सगळी बरोबर ना, आई?”

“डबे बरोबर ओळखलेस,” सासूबाई पोहे भिजवत म्हणाल्या. “चिठ्ठ्यांची अदलाबदल मी पहाटेच केली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण जपानात आपले डबे नसणार, एवढं कळतं.”

मृण्मयीने नीट पाहिलं. मिठाच्या डब्यावर ‘तांदूळ’ होता.

सासूबाईंनी चिठ्ठ्या काढून परातीत पिसल्या. दुपारपर्यंत पाच ओळखता आल्या, संध्याकाळी सहापर्यंत नऊ. उरलेल्या तीन आल्याशिवाय चहा मिळणार नाही, असं सासूबाईंनी कळवलं आहे.