तिसरी ब, सत्तावीस

"सही करायला असं काय लागतं? पेन मी देते," ती म्हणाली.

नवरा पोरीच्या, बटणच्या, चपलेचा पट्टा लावत होता. "बघू," तो म्हणाला.

पंधरा दिवस हे 'बघू' चाललं होतं. शाळेचा फॉर्म तिने भरून ठेवला होता, आईच्या रकान्यात सहीसुद्धा ठोकली होती. बापाच्या सहीपाशी घोडं अडलं होतं. पोरगी आठ वर्षांची झाली. आई घरी शिवणकाम करते म्हणून सगळे तिला बटण म्हणायचे, खरं नाव फॉर्मवर होतं तेवढंच. शाळेची पायरी तिने अजून पाहिली नव्हती. बाप घरीच शिकवायचा, आणि खोटं कशाला बोला, छान शिकवायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतीचे मजले आणि तळघर मोजायला लावून त्याने तिला उणे संख्या शिकवल्या होत्या. आज मंगळवार, कप्पीचा धडा. त्यासाठी तो तिला बरोबर घेऊन निघाला होता.

"शाळेत वाईट काय आहे, ते तरी सांगा."

"एका वर्गात पन्नास पोरं. तिसरीच्या वर्गात पंखा नाही. गणिताच्या बाई वर्षात दोनदा बदलल्या. नळाला अकरानंतर पाणी नसतं." त्याने बोटांवर मोजून दाखवलं. "तिथे टाकायची हिला?"

त्याने एवढी चौकशी केलेली बघून तिला जरा बरंच वाटलं.

"तिला एक मैत्रीण नाही हो. मशीनच्या चाकाशी गप्पा मारते ती."

"मी आहे ना."

"तुम्ही आठवड्यातल्या तीन रात्री कुणाच्या तरी अडकलेल्या लिफ्टमध्ये असता."

तो हसला आणि बटणचा हात धरून जिना उतरला. पाठमोरे दोघे एका साच्यातले. दोघांचाही डावा खांदा अर्धा इंच खाली. सासऱ्यांचाही तसाच होता. त्याचे शर्ट शिवताना ती चिडवायची, "तुमच्या घराण्याने मला साधा सरळ शर्ट कधी शिवू दिला नाही."

शुक्रवारी कपाट उघडलं तर फॉर्म नव्हता.

तिने चादरींच्या घड्या झटकल्या, खालचा कागद उचलून पाहिला. मग ती पलंगावर बसून राहिली. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती, धाकटी भावंडं सांभाळायला. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. आता पोरगी दोघांची, आणि ठरवणार हा एकटा, तेही चोरून. भांडणाचं तिला काही वाटत नव्हतं. पाठीमागून केलेलं मात्र तिला फार लागलं. संध्याकाळी तो आला तेव्हा तिने मूग गिळले. ताट वाढलं आणि मशीनवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिला काम देणारे शिंपीदुकानाचे काका कापडाचा गठ्ठा घेऊन आले. शाळेच्या गणवेशाचं काम होतं. रुळांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वस्तीला मिळून ती एकच सरकारी शाळा. नवऱ्याला तिने या कामाचं सांगितलं नाही. शाळा हा शब्द निघाला की घरात वाद, नको ते.

"मापं शाळेतच घेतलीत, मंगळवारी," काका म्हणाले. "मुलामुलींना शर्ट एकच. चिठ्ठीवर वर्ग आणि नंबर आहे."

चार दिवस मशीन चाललं. पाचव्या दिवशी हातात चिठ्ठी आली: तिसरी ब, सत्तावीस. छाती बटणची. बाही बटणची. उंची एक इंच जास्त, पण वाढत्या अंगाला तेवढं धरतातच. आणि खाली लिहिलेलं, 'डावा खांदा अर्धा इंच उतरता.'

तिने मशीन थांबवलं.

मंगळवार. कप्पीचा धडा. गायब झालेला फॉर्म. म्हणजे यानेच नेऊन भरला, पोरीला मापं द्यायला उभं केलं, आणि ताकास तूर लागू दिली नाही! तिचा जीव भांड्यात पडला. मग लाजच वाटली, आपण आठवडाभर तोंड फुगवून बसलो म्हणून. विचारून त्याच्या गुपिताचा विचका कशाला करा?

तो शर्ट तिने सगळ्यांत शेवटी शिवला. दुहेरी टीप घातली. आतल्या शिवणीला, कुणाला दिसणार नाही असं, एक छोटं लाल बटण लावलं.

"आज उशीर होईल," शनिवारी तो म्हणाला. "एक लिफ्ट सारखी अडकतेय."

"अडकू द्या," ती म्हणाली, आणि खूप दिवसांनी त्याच्याकडे बघून हसली.

शाळा सुटायच्या वेळेला ती काकांबरोबर वाटपाला गेली. बटणला वेणी घालून बरोबर नेलं. तिसरीच्या वर्गात खरंच पंखा नव्हता. दारात उभ्या राहून वर्गाच्या बाई नंबर पुकारत होत्या.

"सत्तावीस."

तिने बटणला हळूच पुढे ढकललं. तेवढ्यात बाकांमधून एक मुलगा आला आणि त्याने शर्ट घेतला.

"नंबर चुकला असेल, बाई," ती म्हणाली.

"नाही हो, हाच सत्तावीस. पहिलीपासून इथेच आहे." बाईंनी त्याला शर्ट अंगावर चढवायला लावला. कॉलर दोन्हीकडून सरळ बसली. "बघा, दरवर्षी वाकडा व्हायचा याचा. यंदा कुणीतरी मन लावून शिवलाय. आता याच्या बाबांनी तेवढा पंखा बसवून दिला की झालं. रोज विचारते, तर म्हणतात, बघू."

घंटा झाली. फाटकाशी पोरांना न्यायला आलेल्यांची गर्दी होती. मुलगा नवा शर्ट दाखवायला पळत सुटला. तिचा हात सोडून बटणही पळाली. आणि धावता धावता दोघांनी एकदमच हाक मारली, "बाबा."