चित्रातला एनॉक

ते साप्ताहिक डॉर्कस पेलोच्या हातात आलं, तोवर वर्कहाउस नावाच्या गरीबखान्याच्या खोलीतल्या बाकी बायका हसून दमल्या होत्या. जुने दोर पिंजून धागे सुटे करायचं काम तेवढ्यापुरतं थांबलं होतं. गावातल्या दानशूर बाया वाचून झालेले अंक इथे पाठवत, त्यातलाच हा एक. पानभर व्यंगचित्र होतं. वर्कहाउसच्या मंडळाचे सहा ढेरपोटे सभासद भाजलेल्या हंसावर ताव मारताहेत आणि खिडकीबाहेर एक म्हातारा, नुसता हाडांचा सापळा, रिकामा वाडगा धरून उभा.

डॉर्कस हसली नाही. तिने म्हाताऱ्याला बघताक्षणी ओळखलं. तो तिचा नवरा होता.

एनॉकला माग झेपेनासा झाला, घर गेलं, तेव्हा दोघं एकदमच इथे आली होती. दारातूनच त्याला पुरुषांकडे नेलं, तिला बायकांकडे. मधे भिंत. त्याला चौदा महिने झाले. तो ठीक आहे, असं मेट्रनबाई सांगत आणि डॉर्कस ते खरं मानून चाले.

पुढच्या मंगळवारी ते चित्र काढणारा चित्रकार लमली स्वतःच आला. चित्र लंडनभर गाजलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांना तर स्वतःचं पोट इतकं आवडलं होतं, की त्यांनी चित्राला चौकट करून घेतली आणि पुरुषांच्या बाजूनंतर आता बायकांची बाजूही काढायची परवानगी दिली.

तो पेन्सिल काढत होता, तेवढ्यात डॉर्कस उठून त्याच्यापुढे उभी राहिली. खिडकीतला माणूस आपला नवरा असल्याचं तिने सांगितलं. लमलीला वाटलं, बाई रागावली. चित्रात असं वाढवूनच काढावं लागतं, हे तो समजावू लागला.

"तेच विचारते साहेब," ती म्हणाली. "तुम्ही त्याला मुद्दाम एवढा वाळवलात, का तो खरंच एवढा वाळलाय?"

लमलीने मेट्रनबाईंकडे पाहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली.

"मी उलट त्याच्या अंगावर थोडं मांस चढवलं, आजी. आहे तसा काढला असता तर कुणी हसलं नसतं."

आपण दोघं इथून जाणार, असं डॉर्कसने त्याच मिनिटाला मेट्रनबाईंना सांगून टाकलं. तीन तास आधी सांगितलं की कुणालाही बाहेर पडता येई, तसा कायदाच होता. मेट्रनबाईंनी तिला थंडीची आठवण करून दिली, बाहेर छप्पर नाही हेही सांगितलं. डॉर्कसने आपले घरचे कपडे मागितले.

तीन वाजता ती फाटकाशी येऊन थांबली. पुरुषांकडचं दार उघडलं. एक म्हातारा भिंतीला धरून बाहेर आला आणि तिच्यासमोर थांबला. त्याला वाट द्यायला डॉर्कस बाजूला सरली आणि त्याच्यामागून एनॉक येतोय का, ते पाहू लागली.