धाकटा दीर

फोटो दाखवला तेव्हा आप्पांनी आदिनाथचं मनगट असं घट्ट धरलं, की सोडवता सोडवेना.

लकव्यानंतर आप्पासाहेबांची वाचा गेली होती, उजवी बाजू लुळी पडली होती. पण डाव्या हातात अजून जोर होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माणसं आठवली असतील त्यांना, असं आदिनाथची बायको निकिता हळूच म्हणाली. आदिनाथलाही तेच वाटलं.

फोटो आप्पांच्या जुन्या पेटीच्या तळाशी धोतराच्या घडीत सापडला होता. फेटा बांधलेला तरुण खुर्चीत बसलेला, शेजारी नऊवारीतली कोवळी बायको, मागे तळं रंगवलेला पडदा. फोटोच्या पाठीवर जामखेडच्या स्टुडिओचा शिक्का. फोटोतला माणूस आप्पा नव्हते, पण कपाळ तसंच होतं. निदान आदिनाथला तरी तसं दिसलं. आप्पांचा थोरला भाऊ असणार, असं त्याच्या मनानं घेतलं.

आप्पांनी आपल्या गावाविषयी, भावकीविषयी कधी चकार शब्द काढला नव्हता. तरणाबांड असताना गाडीबैल घेऊन देवळाली प्रवरेला आलो, कारखान्याला ऊस वाहिला, त्यातून जमीन केली, एवढंच ते सांगत. त्याआधीचं विचारलं की उठून मळ्यात निघून जात. आता डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. जायच्या आधी आप्पांना त्यांचं माणूस भेटवायचं, असं आदिनाथनं ठरवलं.

जामखेडला जातो म्हटल्यावर आप्पा मान हलवत राहिले. निकितानं पुढं केलेला चहा त्यांनी उडवून लावला. अशा अवस्थेत त्यांना सोडून जाऊ नका, असं तिनं सांगून पाहिलं. तरी तो निघाला.

जामखेडात तो स्टुडिओ उरला नव्हता. तिथं मोबाईलचं दुकान झालं होतं, आणि जुने फोटोग्राफर बजरंग मुलाच्या गल्ल्यापाशी नुसते बसून असत. फोटो बघताच ते हसले. हा गहिनीनाथ, म्हणाले. नवं लग्न झालेलं, आणि बायकोबरोबर बैलजोडीचाही फोटो काढा म्हणून अडून बसलेला. बैल आत कसे घ्यायचे, यावरून बाजारात सगळी हसली होती, म्हणून ध्यानात राहिला. तो गेला, पण त्याची बायको कडूबाई अजून वस्तीवर असते, असं सांगून त्यांनी रस्ता दाखवला.

वस्तीवर निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. एका अंगणात दोन म्हाताऱ्या तूर पाखडत बसल्या होत्या. कडूबाई कोण, म्हणून विचारल्यावर त्यातली एक उठली. आदिनाथनं फोटो तिच्या हातात दिला.

कडूबाईंनी तो उन्हात धरला. मग पदरानं फोटो पुसला.

"एकच काढला हुता," त्या म्हणाल्या. "कारखान्याला गाडी घिऊन निगाले, तवा सदऱ्याच्या खिशात घालून न्हेला. तितनं माघारी आलेच न्हाईत. कुणी म्हनलं पटकी झाली, कुणी म्हनलं दुसरी केली." त्यांनी आदिनाथकडं पाहिलं. "तुला कुटं घावला?"

आदिनाथनं सगळं सांगितलं. पेटी, आप्पा, गाडीबैल, देवळाली. मग त्यानं विचारलं, "आजी, यांना धाकटा भाऊ होता का?"

कडूबाईंनी फोटोवरून अंगठा फिरवला.

"तुजा बाप बोलतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही. वाचा गेली. पण समजतं सगळं."

"समजतं," त्या म्हणाल्या. मग फोटो छातीशी धरून म्हणाल्या, "व्हय. हुता धाकला. मालकांच्या संगच गेलता. तू माजा पुतन्या लागतूस, बाबा."

शेजारची चांगुणा सूप खाली ठेवून काहीतरी बोलायला गेली. कडूबाईंनी तिच्याकडं नुसतं पाहिलं. चांगुणानं पुन्हा सूप उचललं.

आदिनाथनं वाकून पाय धरले. जेवल्याशिवाय कडूबाईंनी त्याला हलू दिलं नाही. भाकरी वाढताना त्यांचे हात अगदी स्थिर होते. दिराला डोळ्यांनी बघायचंय, असं त्यांनीच म्हटलं आणि एक लुगडं पिशवीत घालून गाडीत बसल्या.

वाटेत त्यांनी आप्पांच्या खोलीत कोण झोपतं, दुपारी त्यांच्याजवळ कोण असतं, इतकंच विचारलं. राहुरीच्या पुढं दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला, तशी त्यांनी काच खाली करायला लावली.

"उसात मानूस शिरला की दिसत न्हाई," त्या म्हणाल्या.

आदिनाथ हसून हो म्हणाला. आप्पांना किती आनंद होईल, याच विचारात तो होता.

घरी पोचल्यावर निकितानं त्यांच्या पायावर पाणी घातलं, नमस्कार केला. कडूबाईंनी तिला आशीर्वाद दिला, मुलं किती विचारलं. मग, दिराशी दोन शब्द एकटीनं बोलू द्या, म्हणाल्या. इतक्या वर्षांनी भेटतायत, रडतील, मोकळ्या होतील, म्हणून दोघं बाहेर थांबली.

थोड्या वेळानं आदिनाथ चहा घेऊन खोलीपाशी आला. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत कडूबाई खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. फोटो त्यांनी आप्पांच्या डोळ्यांसमोर धरला होता. आप्पांच्या डाव्या हातानं खाटेची कड घट्ट पकडली होती. ते भिंतीकडं सरकायला बघत होते आणि सरकता येत नव्हतं.

रडण्याचा आवाज नव्हता. कडूबाई त्यांच्या कानाशी वाकून, लहान मुलाला समजावतात तशा सुरात बोलत होत्या.

"पोराला म्या सांगितलं, तू माजा धाकला दीर. भोळं हाय पोरगं, त्याला खरं वाटलं. पर माज्या मालकाला भाऊच न्हवता."