बक्षिसाचं घड्याळ

हौशी धावपटूंच्या कमिटीवरच्या कर्नल पेलहॅमने पिशवीतून घड्याळ काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहाच्या किटलीशेजारी ठेवलं. खालच्या पितळी पट्टीवर स्वच्छ कोरलं होतं : विल्फ ऍक्रॉइड, दहा मैल, पहिला क्रमांक.

"तुझंच ना?"

"माझंच, साहेब." विल्फ नुकताच गिरणीतून आला होता. भुवयांवर अजून कापूस होता.

"जुन्या सामानाच्या दुकानात, खिडकीत मांडलं होतं. वर पाटी, 'चॅम्पियनचं घड्याळ'."

विल्फची बायको नेली शेगडीपाशी उभी होती. घड्याळ तिनेच विकलं होतं. नवऱ्याला सांगितलं होतं, दुरुस्तीला टाकलंय. विकण्याआधी नाव खरवडायला हवं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण त्याच्या नावावर सुरी चालवायला हात धजावला नाही.

हौशी धावपटूने पळण्यातून एक पेनीही कमवायची नाही आणि बक्षीस विकणं म्हणजे कमाईच, असा नियम होता. नियम करणाऱ्यांच्या सात पिढ्यांत पोटासाठी कुणी राबलं नव्हतं, त्यामुळे तो भलताच सोवळा होता. मोडला की जन्माची बंदी. आणि सोमवारी विल्फ ऑलिंपिकला निघणार होता.

"एक वाट आहे," कर्नलने खिशातून कागद काढला. "घड्याळ तुझ्या नकळत घरातून चोरीला गेलं, एवढ्यावर सही कर. मग तुझ्यावर ठपका नाही. सोमवारी तू आमच्याबरोबर."

"आणि चोर कोण?"

"दुकानदाराच्या वहीत नाव आहे." कर्नलने नेलीकडे पाहायचं टाळलं. "पोलिसांत कुणी जाणार नाही. फक्त कमिटीपुरतं."

"कमिटीपुरतं?" नेली उसळली. "हिवाळ्यात तीन आठवडे हा तुमच्या देशासाठी ब्रसेल्सच्या शर्यतींत चिखल तुडवत होता. इकडे गिरणीने पगार कापला. घरात कोळशाचा खडा नव्हता, खडा! तेव्हा कुठे उलथली होती तुमची कमिटी?"

"बाई, प्रश्न खेळाच्या शुद्धतेचा आहे."

"मग घाला ती शुद्धता शेगडीत!" ती विल्फकडे वळली. "कर रे सही. चोर तर चोर. माझ्या अंगाला काय भोकं पडणार आहेत?"

विल्फने पेन उचललं. अकरा वर्षं गिरणीतली पाळी संपली की कालव्याच्या काठाने पळणं, पावसात, बर्फात, ताप अंगात असताना. नेलीला त्यातला एकेक दिवस ठाऊक होता. त्याचे चिखलाने भरलेले मोजे तिनेच धुतले होते. करून टाक, करून टाक, ती मनात म्हणत होती.

त्याने कागद दोनदा वाचला. चोराच्या जागी नेलीचं नाव आधीच टाइप करून आणलं होतं. त्याचे कान लाल झाले. पेन त्याने खाली ठेवलं.

"हे खोटं आहे. मीच म्हणालो होतो तिला, विकून टाक."

"विल्फ! काय बोलतोस तू?"

"ऍक्रॉइड, नीट विचार कर," कर्नल म्हणाला. "हे मी ऐकलं, तर सगळं संपलं."

"ऐकू आलं नसेल तर मोठ्याने सांगतो, साहेब. मीच विकायला लावलं."

कर्नलने कागदाची घडी घातली. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं, आणि त्याचाच नेलीला जास्त संताप आला.

"तुझ्यासारखा पळणारा दहा वर्षांत एखादा निघतो," तो म्हणाला आणि घड्याळ काखोटीला मारून दाराकडे वळला. पुरावा होता तो.

"थांबा!" नेलीने कपाटातून मखमली अस्तराची पेटी ओढून काढली आणि दारातच त्याच्या हातांवर आदळली. "ही पण न्या. मागच्या वर्षीचं पहिलं बक्षीस. मासे खायच्या बारा सुऱ्या, बारा काटे. आम्ही माणसं दोन. आमच्याकडे मासा येतो वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि आम्ही तो बोटांनी खातो."

कर्नल पायरी उतरला. एव्हाना गल्लीतल्या बाया आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काखेत घड्याळ, दोन्ही हातांत पेटी, असा तो आपल्या मोटारीपाशी थांबला आणि एकेकीकडे पाहू लागला. दार उघडून द्यायला एकही पुढे आली नाही.